निहालीचे न सुटलेले कोडे

हवेतून मिळवलेला नायट्रोजन हा रासायनिक संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरतो, असे रॅले यांना आढळले. हा बारीकसा फरक त्यांनी सोडून दिला नाही, म्हणूनच १८९४ मध्ये त्यांना व रॅम्से यांना अरगॉन वायू सापडला. हिशेबात न बसणाऱ्या शिलकीलाच विज्ञानात मोठे मोल असते.

अशीच एक शिल्लक आपल्या वऱ्हाडात आहे. अकोल्याशेजारी, बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली भाषा बोलली जाते. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. डच पंडित कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्या शब्दांची छाननी प्रसिद्ध केली. सुमारे ३६ टक्के शब्द कोरकूशी जुळले, ९ टक्के द्राविडी भाषांशी. काही हिंदी-मराठीतले निघाले. पण जवळजवळ चौथा हिस्सा कशाशीच जुळेना! आपण म्हणतो पाणी, मेळघाटातले कोरकू म्हणतात 'डा', तर निहालीत 'जोप्पो'.

निहालीत विस्तवाला 'आपो' म्हणतात, जपानच्या ऐनू भाषेत 'आपे'. मग नाते जुळले काय? घाई करू नका. संस्कृतात 'आपः' म्हणजे चक्क पाणी! एकट्यादुकट्या शब्दाचे साम्य योगायोगानेही येते. अनेक शब्दांत ध्वनींचा नियमित मेळ दिसला, तरच तो पुरावा.

निहाली माणूस घरी निहाली, शेजाऱ्याशी कोरकू आणि बाजारात मराठी किंवा हिंदी बोलतो. अशा घरातले मूल शाळेत 'भाषेत कच्चे' ठरावे, हे मला अन्यायाचे वाटते. मराठी शिकण्यासाठी घरची बोली टाकावी लागते, ही समजूत या वडीलधाऱ्यांनीच खोटी ठरवली आहे. त्यातच १९७१ पासून जनगणनेच्या तक्त्यांत दहा हजारांहून कमी भाषकांची भाषा वेगळी दाखवत नाहीत. म्हणजे निहाली कागदावरही दिसत नाही.

अरगॉनचा प्रयोग केव्हाही पुन्हा करता येईल. हवा संपलेली नाही. निहाली बोलणारे संपले, तर हे कोडे कायमचे अडेल.

म्हणून शिक्षकांनी वर्गातल्या मुलाला त्याच्या घरचा शब्द मोकळेपणाने सांगू द्यावा, फळ्यावर लिहावा. आणि मित्रांनो, तुमच्या गावात निहाली, कोरकू वा दुसरी कोणतीही बोली असेल, तर एक वही घाला. जाणत्या माणसांची परवानगी घेऊन झाडे, पाखरे, नातीगोती यांचे शब्द टिपा. गाव आणि तारीख लिहायला विसरू नका. निरीक्षणाची नोंद अशीच ठेवायची असते.