पायडल आणि पावतीपुस्तक

देणगी मागावयास दारात उभ्या राहणाऱ्या माणसाकडे पाहण्याची आपणा सर्वांची एक ठराविक दृष्टी असते. पावतीपुस्तक दिसले की घरातील कर्ता पुरुष अचानक कामात गढून जातो आणि 'हे घरी नाहीत' हे वाक्य आतल्या खोलीतून बाहेर येते. यात आपल्या समाजाची कृपणता दिसते, असे मात्र मला वाटत नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपली वाचनालये, गणेशोत्सव आणि विद्यार्थी साहाय्यक निधी उभे राहिले ते अशाच लहान लहान देणग्यांवर. अडचण असते ती निराळीच. मागणाऱ्याने स्वतःचे काय घातले आहे, हे देणाऱ्यास दिसत नाही. ते दिसले की मूठ आपोआप सैल होते.

नर्मदेच्या काठी राहणाऱ्यांना हे समजावून सांगावयास नको. परिक्रमेस निघालेला माणूस ओसरीवर आला की घरातील गृहिणी पीठ, डाळ, मीठ असे सदाव्रत त्याच्या झोळीत घालते आणि वर त्यालाच नमस्कार करते. त्याने आपली योग्यता सिद्ध करावी लागत नाही. त्याच्या पायांकडे पाहिले की पुरे होते. महर्षी कर्वे १९२९ साली, सत्तरीच्या घरात असताना, महिला विद्यापीठाच्या कार्यासाठी परदेशी गेले आणि तेथे मदत मागत हिंडले. बाबा आमटे यांनी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून 'भारत जोडो' यात्रा काढली, तेव्हा शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर होते आणि पाठीच्या व्याधीने बसणे अशक्य झालेले बाबा वाहनात आडवे पडून त्यांच्याबरोबर जात होते. त्या यात्रेचा हेतू पैसा जमविण्याचा नव्हता. परंतु आधी आपले शरीर कामी लावावे आणि मग लोकांपुढे शब्द टाकावा, ही रीत तीच.

पाश्चात्त्य देशांत या रीतीला एक रोखठोक व्यावहारिक रूप मिळाले आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बिली स्टार नावाच्या तरुणाची आई कर्करोगाने गेली. १९८० साली तो आणि त्याचे सोबती असे ३६ जण स्प्रिंगफील्डहून समुद्रकाठच्या प्रोव्हिन्सटाउनपर्यंत सायकलीने गेले आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी त्यांनी १०,२०० डॉलर जमविले. तीच यात्रा आता हजारो सायकलस्वारांची झाली असून तिने आजवर जमविलेला निधी २०२४ साली एक अब्ज डॉलरच्या पलीकडे गेला. तिचे दोन नियम मला फार आवडले. सायकलस्वाराने जमविलेला प्रत्येक डॉलर संपूर्णपणे रुग्णालयाच्या संस्थेकडे जातो. यात्रेच्या व्यवस्थेचा खर्च निराळ्या मार्गाने भागविला जातो. आणि ठरलेली किमान रक्कम जमली नाही, तर उरलेली सायकलस्वाराने स्वतःच्या खिशातून भरावयाची.

हे वाचले तेव्हा आमच्या शाळेत एक प्रश्न पडूनच होता. आमच्या बऱ्याच विद्यार्थिनी आसपासच्या खेड्यांतून येतात. मध्य प्रदेश शासन शिक्षणासाठी दुसऱ्या गावी जाणाऱ्या सहावी-नववीच्या विद्यार्थ्यांस विनामूल्य सायकली देते. ही योजना किती मोलाची आहे, हे बिहारच्या अनुभवावरून कळते. तेथे २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्यास आरंभ झाला; कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे-मुलींमधील अंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले.

परंतु सायकल मिळाली म्हणजे ती कायमची चालती राहिली असे नव्हे. शेतातल्या वाटेवर बाभळीचा काटा असतो, उन्हाने रबर तडकते, आणि दीड वर्षात मागचा टायर गुळगुळीत होतो. पंक्चर काढणारा चार कोसांवर. बाप मजुरीवर गेलेला. नव्या टायर-ट्यूबचे पैसे घरात 'पुढच्या आठवड्यात' असतात. मुलगी आठ दिवस घरी राहते, मग पंधरा दिवस राहते, आणि एके दिवशी हजेरीपटावर तिच्या नावापुढे लाल रेघ ओढावी लागते. ती परीक्षेत नापास होत नाही; तिची शाळा टायरपाशी थांबते. जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि सायकल सर्वसामान्यांच्या सोयीची झाली. तो टायर फाटला की सगळी सोय तेथेच संपते.

तेव्हा शाळेतच एक पंप, पाने, पंक्चरचे सामान आणि काही टायर-ट्यूब ठेवावे, आणि मुलींनाच पंक्चर काढावयास शिकवावे, असे ठरले. यासाठी लागणारी रक्कम मोठी नव्हती, पण दरवर्षी लागणारी होती. आमचे गणिताचे शिक्षक म्हणाले, "सर, सायकलींसाठी मागायचे, तर सायकलीवर बसूनच मागू." इंदूरहून महेश्वर सुमारे नव्वद किलोमीटर. एका दिवसात जाणे, दुसऱ्या दिवशी येणे. देणाऱ्याने किलोमीटरमागे आठ आणे, रुपया, जसे झेपेल तसे बोलावयाचे आणि परत आल्यावर, प्रत्यक्ष कापलेल्या अंतराप्रमाणे द्यावयाचे.

आम्ही अकरा जण निघावयाचे ठरले. तिघे शिक्षक, दोन शिक्षिका, पाच माजी विद्यार्थी आणि पंचावन्नाव्या वर्षी चाळिशीचा चष्मा सावरणारा मी. एवढे अंतर यापूर्वी आमच्यापैकी एकानेही एका दमात कापलेले नव्हते. तीन महिने तयारी केली. पहिल्या रविवारी पंधरा किलोमीटर, मग पंचवीस, चाळीस, साठ. जो अनुभव आला तो वयस्क वाचकांच्या उपयोगाचा आहे, म्हणून थोडक्यात नोंदवितो.

सीटची उंची अशी हवी, की टाच खालच्या पायडलवर टेकविली असता पाय जवळजवळ सरळ व्हावा. सीट बुटकी असली की गुडघे तक्रार करतात. चढावर जोर लावून जड पायडल मारण्यापेक्षा हलका गिअर टाकून भरभर पाय फिरवावे. तहान लागण्यापूर्वी पाणी आणि भूक लागण्यापूर्वी अन्न, हा नियम तर पाठच करावा. सततच्या श्रमात शरीरातील साखरेचा साठा दीड-दोन तासांत बराचसा सरतो. मग एकाएकी डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि हातपाय गळतात. आमच्या पिशव्यांत गूळ-शेंगदाण्याची चिक्की, केळी आणि मीठ घातलेले लिंबाचे सरबत होते. हृदयाची अथवा रक्तदाबाची तक्रार असलेल्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून या वाटेस जाऊ नये, हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे निघालो. राऊ मागे पडले आणि उजाडता उजाडता महू आले. बाबासाहेब आंबेडकरांचे हे जन्मस्थान. २००३ पासून त्याचे नाव डॉ. आंबेडकर नगर आहे, तरी वृद्धांच्या तोंडी अजून महूच आहे. तेथे पोहे झाले. पुढे गव्हाहरभऱ्याच्या शेतांतून रस्ता हळूहळू चढत जाम दरवाजापाशी येतो. अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधविलेला हा दरवाजा माळव्याच्या अगदी कडेवर उभा आहे. त्याच्या कमानीतून पाहिले, की पायांखाली निमाड पसरलेला दिसतो. इंदूरहून आपल्या राजधानीकडे जाणारा प्रत्येक वाटसरू येथे विसावला असेल, या विचाराने आम्हीही विसावलो.

येथून घाटाची उतरण. नवशिक्याला उतार म्हणजे विश्रांती वाटते. वस्तुतः सर्वांत अधिक सावधपणा तेथेच लागतो. ब्रेक सतत दाबून धरले तर ते तापतात, म्हणून दोन्ही ब्रेक थोडे दाबावयाचे, सोडावयाचे, आणि पुढच्या सायकलीपासून चांगले अंतर राखावयाचे. खाली उतरताच हवा बदलली, अंगातले स्वेटर निघाले. मंडलेश्वरावरून दुपार कलण्याच्या सुमारास महेश्वरास पोहोचलो आणि सायकलींसह घाटावर जाऊन नर्मदेत पाय बुडवून बसलो. त्या वेळी झालेला आनंद शब्दांत सांगण्याजोगा नाही, म्हणून सांगत नाही.

खरी परीक्षा होती ती दुसऱ्या दिवशी. कालची उतरण आज चढण झाली होती, आणि हिवाळ्यातला उत्तरेचा वारा समोरून येत होता. घाटाच्या अर्ध्यात आमच्यातला सर्वांत तरुण, सर्वांत काटक असा माजी विद्यार्थी थांबला. त्याचा गुडघा सुजला होता. सामानाची जीप मागे होतीच. त्याला जीपमध्ये बसविले, तेव्हा कोणीतरी सहानुभूतीने म्हणाले, "राऊपर्यंत जीपने ये. तेथून शहरात सगळ्यांबरोबर सायकलीवर शिरू. कोणाला कळणार आहे?" बोलणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, त्याला फक्त पोराचा चेहरा पाहवत नव्हता. तो मुलगा म्हणाला, "काका, माझ्या आजीने किलोमीटरला रुपया बोलला आहे. तिला काय सांगू?"

त्याने आपल्या वहीत ११८ हा आकडा लिहिला. आम्ही बाकीचे दहा जण, त्यांतले काही जण घाटात सायकल हातात धरून चालत, अंधार पडता पडता इंदूरच्या वेशीत आलो. चालत गेलेले अंतर 'चालत' असे निराळे लिहिले. आमच्या मराठीच्या बाई म्हणाल्या, "कापलेले अंतर ते कापलेलेच, पण बोली सायकलची होती." त्यांचे म्हणणे सर्वांना पटले.

पुढच्या आठवड्यात पैसे गोळा करण्यास बाहेर पडलो. एरवी या कामी शिक्षकांची पावले जड होतात. यंदा प्रत्येक जण आपली वही घेऊन आपण होऊन निघाला. सर्वांत वाट पाहिली जात होती ती त्या मुलाच्या आजीच्या उत्तराची. तिने ११८ रुपये मोजून दिले, एक अधिक नाही, एक उणा नाही. नातू म्हणाला, "आजी, बाकीच्या लोकांनी मला पूर्ण एकशेऐंशीचे दिले." त्यावर ती म्हणाली, "त्यांनी तुझी दया केली. मी तुझा हिशेब मानला. उरलेले बासष्ट पुढच्या वर्षी घे."

मला या सगळ्या उद्योगाचे मर्म त्या म्हातारीच्या उत्तरात सापडले. सायकल चालविल्याने पैसा निर्माण होत नाही. रोकड रकमेचाच विचार केला, तर आम्ही अकरा जणांनी घरी बसून थोडे थोडे दिले असते तरी वर्षभराचे टायर आले असते. परंतु त्या पैशाला साक्षीदार मिळाले नसते. शंभराहून अधिक घरांना आता ठाऊक आहे, की मुलीची शाळा टायरपाशी थांबते. आणि मागणाऱ्याने दिलेला शब्द आकड्यानिशी पाळला, हेही त्यांना ठाऊक आहे. पुढील वर्षी दार उघडेल ते या दुसऱ्या गोष्टीमुळे.

आपल्या गावच्या मंडळाने असे काही करावयाचे मनात आणले, तर तीन गोष्टी पाळाव्यात, अशी विनंती आहे. कारण एकच असावे आणि ते एका वाक्यात सांगता यावे. प्रवासाचा खाण्यापिण्याचा, जीपचा खर्च जाणाऱ्यांनी आपल्या पदरचा करावा. देणगीतील पैसाही त्यास लावू नये. आणि हिशेब महिन्याच्या आत सर्वांना दिसेल अशा ठिकाणी टांगावा. आमचा हिशेब शाळेच्या फळ्याशेजारी आहे. त्यात पंपाची, पान्यांची आणि टायरांची पावती क्रमाने लावलेली आहे.

त्या निधीतून पहिला टायर नववीतल्या एका मुलीच्या सायकलीस बसला. ती अकरा दिवस गैरहजर होती. ट्यूब तिने स्वतःच बसविली. मागचे चाक आवळताना मात्र शिपाईभाऊंनी हात लावला. हात काळे झालेले तशीच ती वर्गाकडे निघाली, तेव्हा तिला साबण घेऊन नळावर पाठवावे लागले. पहिल्या तासाला बीजगणित होते आणि बुडालेले अकरा धडे भरून काढावयाचे होते.