गळाचें रीळ : हजाराचें आणि लाखाचें

गेल्या महिन्यांत एका भगिनींचें पत्र आलें. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त रत्नागिरीस असतात. सुटीच्या दिवशीं खाडीवर गळ टाकून बसण्याचा छंद त्यांना जडला असून आतां त्यांनीं एका जपानी रिळाची मागणी केली आहे. त्याची किंमत ऐकून घरांतील वडील मंडळी थक्क झाली. ‘दोरा गुंडाळण्याच्या साधनाला एवढे पैसे कशाला? तसेंच दिसणारें रीळ बाजारांत हजार-दीड हजारांत मिळतें,’ असें त्यांचें म्हणणें. मासे धरण्याचा विषय या पानांवर पाहून कांहीं वाचकांच्या भुवया चढतील हें आम्ही जाणून आहों. परंतु प्रश्न पैशाचा आहे, यंत्राचा आहे, आणि पुढें दिसेल त्याप्रमाणें माशाच्या जिवाचाहि आहे; तेव्हां त्यास उत्तर देणें प्राप्त आहे.

प्रथम हें यंत्र करतें तरी काय तें पाहूं. आज सर्वत्र दिसणारें रीळ, ज्यांतील फिरकी स्थिर राहते व दोरा तिच्या काठावरून सुटत जातो, त्याचें पेटंट आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ या इंग्रज गृहस्थानें १९०५ सालीं घेतलें. हा ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या धंद्यांतला मनुष्य. गिरणींतील कांडीवरून सूत कसें सरसर उलगडतें हें ज्याच्या रोजच्या पाहण्यांत, त्यालाच ही युक्ति सुचावी हें स्वाभाविक आहे. दोरा गुंडाळणें व सोडणें हें काम मात्र सोपें. तें स्वस्त रीळहि बरें करतें. खरी परीक्षा मासा लागल्यावर होते.

ज्यांनीं लहानपणीं संक्रांतीस पतंग उडविले असतील त्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. वाऱ्याचा झोत आला कीं ढील द्यावी लागते. आसारी घट्ट धरून ठेवली तर मांजा तुटतो, आणि एकदम सोडली तर गुंता होतो. मासाहि असाच ओढतो, पण वाऱ्यापेक्षां अधिक अवचित. ही ढील ठराविक ताणावर आपोआप देणारी जी घर्षणाची योजना रिळांत असते तिला ‘ड्रॅग’ म्हणतात. ती निघण्यापूर्वीं मोठ्या माशाची शिकार म्हणजे बोटांशीं खेळ असे. मासा पळूं लागला कीं रिळाची मूठ उलटी गरगर फिरून बोटें फोडी, व चामड्याची पट्टी अंगठ्यानें दोऱ्यावर दाबून मासा आवरावा लागे. अमेरिकेंत विल्यम बॉशेन याच्या कल्पनेवरून ज्यूलियस व्हॉम होफ या कारागिरानें आंतल्या चकत्यांच्या ड्रॅगचें रीळ बनविलें, आणि १९१३ सालीं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत कॅटालिना बेटाजवळ बॉशेननें त्यावर तलवारमासा काढला. काठी व रीळ यांवर असा मासा काढल्याची ही पहिली नोंद.

आतां स्वस्त व महाग यांतील भेद. रिळाच्या खोक्यावर ‘कमाल ड्रॅग १० किलो’ असें ठळक छापलेलें असतें, आणि गिऱ्हाईक त्यालाच भुलतें. आमच्या मतें हा आंकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. दोऱ्याच्या तुटण्याच्या ताणाच्या चौथाई ते तिहाईवर ड्रॅग लावावा असा अनुभवी लोकांचा नियम आहे, कारण गांठींत दोरा दुबळा होतो आणि माशाचा हिसका अवचित येतो. सहा किलोच्या दोऱ्यास म्हणून दीड ते दोन किलो पुरे. दहा किलोंची शक्ति तेथें काय कामाची? पाहावयाचें तें हें कीं, दोन किलोंवर लावलेला ड्रॅग दोन किलोंवरच सुटतो काय. थांबलेली वस्तु हलविण्यास चालत्या वस्तूपेक्षां अधिक जोर लागतो हें पदार्थविज्ञानांतलें साधें तत्त्व. स्वस्त रिळाच्या चकत्या खडबडीत, दाबणारी स्प्रिंग ओबडधोबड. ड्रॅग आधीं अडून बसतो, ताण तीन-चार किलोंवर चढतो आणि मग एकदम सुटून दीडवर येतो. हा अडखळणारा क्षणच दोरा तोडतो. चांगल्या रिळांत सुटण्याचा व चालण्याचा ताण जवळजवळ एकच असतो, आणि जादा पैशांतील मोठा भाग या गुळगुळीतपणासाठीं मोजलेला असतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. तीन किलोंच्या ताणावर माशानें शंभर मीटर दोरा ओढून नेला तर घर्षणांत सुमारें सातशें कॅलरी उष्णता उत्पन्न होते. दोन चहाचे चमचे पाणी नेहमींच्या उष्णमानापासून जवळजवळ उकळीस आणण्याइतकी ती आहे, आणि ती नाण्याएवढ्या दोन-चार चकत्यांत थोड्या वेळांत सांठते. तेल पाजलेल्या नमद्याच्या चकत्या अशा वेळीं सुकतात, करपतात, आणि ताण वाटेल तसा बदलतो. म्हणून समुद्रावरील रिळांत कार्बनतंतूंच्या चकत्या घालतात. अमेरिकेंतील १९३२ पासूनच्या पेन कंपनीच्या रिळांत त्या मध्यम किमतीसहि मिळतात. यावरून नमदा टाकाऊ असा समज मात्र करून घेऊं नये. बारीक दोऱ्यावर, हलक्या ताणास, त्याच्यासारखी मऊ ढील दुसरें कांहीं देत नाहीं, आणि गोड्या पाण्यासाठीं बनविलेल्या कित्येक उंची रिळांतहि तो मुद्दाम घातलेला असतो.

एक दोष मात्र कितीहि पैसे टाकून पुरता जात नाहीं. दोरा जाऊं लागला कीं फिरकीवरील वेढे कमी होतात, त्रिज्या आंखडते, आणि तेंच घर्षण दोऱ्यावर अधिक ताण पाडतें. त्रिज्या २४ मिलिमीटरांवरून १६ वर आली तर दोन किलोंचा ताण तीन होतो. मासा दूर गेल्यावर ड्रॅग आवळावासा वाटतो. करावयाचें नेमकें उलट.

बांधणीविषयीं. स्वस्त रिळाचें अंग बहुधा काचतंतु मिसळलेल्या प्लास्टिकचें. जोर पडला कीं तें किंचित् वांकतें, आंतील दंतचक्रांचे दांत एकमेकांवर नीट बसत नाहींत, आणि मूठ फिरवितांना खरखर लागते. तथापि प्लास्टिक म्हणजे वाईट असाहि नियम नाहीं; दाइवा कंपनीचें कार्बनयुक्त ‘झायॉन’ उंची रिळांतच वापरतात. दंतचक्रें हा अधिक विश्वासाचा पुरावा. स्वस्तांत तीं जस्ताच्या मिश्रधातूचीं, साच्यांत ओतलेलीं. महागांत ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचीं, थंड असतां प्रचंड दाबाखालीं घडविलेलीं व मग कांतलेलीं असतात. शिमानो कंपनी १९२१ सालीं जपानांतील साकाई येथें सायकलीचे भाग बनविण्यासाठीं निघाली व १९७० मध्यें मासेमारीच्या साहित्याकडे वळली. दांत घडविण्याची सायकलींतील विद्या तिला येथें उपयोगी पडली.

बॉल-बेअरिंगांची संख्या हा दुकानदाराचा आवडता मंत्र. ‘तेरा बेअरिंगें!’ तेरा गंजकीं बेअरिंगें चार चांगल्यांची बरोबरी करीत नाहींत. त्यापेक्षां दोरा ज्या लहान रुळावरून वळतो तो रूळ पाहावा. तो मीठ धरून अडकला कीं दोरा घासला जातो व त्यास पीळ पडतो. खाऱ्या पाण्यांत खरा शत्रु मीठच, आणि महाग रिळांतील बराच खर्च त्याला बाहेर ठेवण्यांत जातो. पेनच्या ‘स्पिनफिशर’ रिळांत रबराच्या कड्यांनीं अंग व ड्रॅग बंद केलेले असतात. दाइवानें लोहचुंबकानें धरून ठेवलेल्या तेलाचा पडदा वापरला आहे. हें चुंबकी द्रव १९६३ मध्यें अमेरिकेच्या नासा संस्थेंत, वजनरहित अवस्थेंत अग्निबाणाचें इंधन ओढून घेण्याच्या प्रयत्नांतून निघालें. अंतराळासाठीं योजिलेली वस्तु कोळंब्यांच्या खाडीवर उपयोगी पडावी, ही मौज आहे.

चिरंजीवांनीं काय घ्यावें? स्टेला, साल्टिगा यांसारखीं समुद्री रिळें लाखाच्या आसपास जातात. तीं होडींतून खोल पाण्यांत मोठे कुपे खेळविणाऱ्यांसाठीं आहेत. खाडीकांठच्या जिताड्यास व तांबोशीस त्यांची गरज नाहीं, आणि त्यांच्या दुरुस्तीचे भागहि सहज मिळत नाहींत. हजाराचें रीळ गोड्या तळ्यावर मुलांना शिकण्यास बरें. खाऱ्या पाण्यांत तें एखाद्या पावसाळ्यांतच गंजून बसेल, मग तें स्वस्त कसलें? मधल्या किमतीचें, धातूच्या अंगाचें, कार्बनच्या चकत्यांचें रीळ घ्यावें. दुकानांत जातांना कांट्याचा वजनकांटा खिशांत न्यावा. दोरा भरून, ड्रॅग दीड किलोंवर लावून, कांट्यानें सावकाश ओढावें. कांटा दोनाच्या पुढें उडी मारून मागें आला तर रीळ परत ठेवावें, मग त्यावर नांव कोणाचेंहि असो.

यांत माशाचा जीव कोठें येतो तें सांगावयाचें राहिलें. आज पुष्कळ शिकारी मासा धरून पुन्हां पाण्यांत सोडतात. अडखळत्या ड्रॅगनें दोरा तुटला कीं मासा तोंडांत गळ व मागें कित्येक हात दोरा घेऊन जातो. तो दोरा मुळ्यांत, खडकांत अडकतो, आणि मासा तेथें बांधल्यासारखा उपाशी मरतो. फार सैल ड्रॅगनें तो इतका वेळ झुंजतो कीं सोडल्यावरहि जगत नाहीं. कावेरीच्या खोऱ्यांतील कुबडदार महसीर २०१८ पासून अतिसंकटग्रस्त जातींच्या यादींत आहे. अशा माशाबाबत एकेका जिवाचा हिशेब राहतो. घरच्या मंडळींनीं किमतीची चर्चा करतांना हा भागहि जमेस धरावा.

रीळ कोणतेंहि घेतलें तरी खाडीवरून आल्यावर ड्रॅग आवळून त्यावर गोडें पाणी हलकें शिंपडावें. नळाची जोराची धार सोडूं नये, ती मीठ आंत ढकलते. फडक्यानें पुसून सावलींत वाळवावें, रुळावर तेलाचा एक थेंब सोडावा, आणि कपाटांत ठेवण्यापूर्वीं ड्रॅग पुरता सैल करावा, म्हणजे दाबाखालीं चकत्या चपट्या होत नाहींत.