अर्ध्या सेकंदाचा उशीर

लिनक्स वापरतो असं सांगितलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो. ज्याचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो तो चोरालाही वाचता येतो, मग ते सुरक्षित कसं? आक्षेप घेणारी माणसं अडाणी नसतात. बँकेत, कचेरीत, कॉलेजात रोज संगणक हाताळणारी असतात. म्हणून या आक्षेपाला नीट उत्तर द्यायला हवं.

मूळ उत्तर १८८३ सालचं आहे. ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषाशिक्षकानं लष्करी गुप्तलेखनासाठी अट घातली होती, की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी काही बिघडता कामा नये. गुपित असावं ते फक्त किल्लीत. आज जगभर वापरात असलेली एईएस ही सांकेतिक पद्धत २००१ पासून छापील मानक म्हणून सर्वांसमोर आहे. ती वाचून कुणाला दुसऱ्याचं बँक खातं उघडता आलेलं नाही. सोर्स कोड हा कुलपाचा आराखडा. किल्ली तुमच्यापाशीच असते.

आणि आराखडा लपवला म्हणून चोराचं अडतं थोडंच? विंडोजचा कोड बंद होता, तरी तिच्या जुन्या फाइल-शेअरिंगमधल्या फटीवर अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेनं हत्यार बनवलं. ते चोरीला गेलं, एप्रिल २०१७ मध्ये चव्हाट्यावर आलं आणि १२ मे रोजी त्याच्याच जोरावर वॉनाक्राय हा खंडणी मागणारा प्रोग्राम जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती, हेही सांगायला हवं. २७ जूनला नॉटपेट्या या दुसऱ्या घातक प्रोग्रामनं तीच फट वापरली आणि न्हावा-शेव्यात मर्स्क समूहाच्या टर्मिनलवर कंटेनरची ये-जा खोळंबली. कोड कुलूपबंद ठेवल्याचा तिथं काडीचा उपयोग झाला नाही.

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी दोन शब्द. ‘लिनक्सला व्हायरस येत नाही’ हे वाक्य आपण सोडून द्यावं. ते खोटं आहे, आणि लिनक्सच्या जगात चुकाही होतात. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियन या लिनक्स-वितरणाच्या एका स्वयंसेवकानं ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या संचातल्या दोन ओळी काढल्या, कारण तपासणीचं एक अवजार त्यांवर तक्रार करत होतं. त्यामुळे डेबियनच्या संगणकांवर एका प्रकारच्या किल्ल्या जेमतेम ३२,७६८ निघू शकत होत्या. कुणीही बसून मोजाव्यात इतक्या. हे लक्षात आलं मे २००८ मध्ये. साध्या वापरकर्त्याला थेट रूट, म्हणजे संगणकाचा सर्वाधिकारी, करून टाकणारी पीकेएक्झेकमधली चूक २००९ पासून १२ वर्षांहून अधिक काळ तशीच पडून होती. कोड उघडा आहे म्हणजे तो कुणी वाचतोच असं नाही. डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारे थोडे, म्हणून चोरांचं लक्ष तिकडे कमी, हेही खरं. मी लिनक्सची बाजू घेतो ती या सगळ्यासकट, कारण माझा मुद्दा वेगळा आहे.

तो मुद्दा २०२४ च्या मार्चमध्ये जितका स्पष्ट दिसला तितका कधीच दिसला नव्हता. आंद्रेस फ्रॉइंड हा प्रोग्रामर डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर वेगाच्या चाचण्या घेत होता. एसएसएच या दूरस्थ प्रवेशाच्या साधनानं लॉगिन होताना प्रोसेसर विनाकारण राबतोय आणि अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं त्याला दिसलं. दुसरा कुणी नेटवर्कच्या नावानं बोटं मोडून पुढे गेला असता. यानं तो अर्धा सेकंद सोडला नाही. माग काढत तो एक्सझेड या, फाइली दाबून लहान करणाऱ्या छोट्याशा प्रकल्पापाशी पोचला आणि तिथं त्याला चोरदरवाजा सापडला. ‘जिया टॅन’ या नावानं वावरणाऱ्या कुणी दोन वर्षांहून अधिक काळ निमूट काम करून, एकट्यानं प्रकल्प ओढणाऱ्या लासे कॉलिनचा विश्वास कमावला होता. दमलेल्या त्या माणसावर ‘काम दुसऱ्याकडे सोपव’ असा इतर खात्यांवरून दबावही आणला गेला होता. हे वाचताना मला आजही वाईट वाटतं. अर्धं जग ज्यावर उभं आहे ते ओझं एकाच्या खांद्यावर होतं आणि त्याच्या मदतीला धावून आला तो घरभेदी.

‘बघा, शिरलाच ना चोर?’ हो, शिरला. पण कुठून शिरला ते पाहा. चोरदरवाजा जागा करणारा तुकडा सार्वजनिक कोडभांडारात नव्हताच. प्रकाशनासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तो गुपचूप घातला होता. जे सगळ्यांसमोर होतं तिथं तो तुकडा ठेवायची त्याची हिंमत झाली नाही. आणि फ्रॉइंड काही सुरक्षातज्ज्ञ नव्हता, त्या प्रकल्पातलाही नव्हता. नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्ये. तरी त्याला तळापर्यंत जाता आलं, कारण कुणाची परवानगी मागावी लागली नाही. २९ मार्चला त्यानं सगळं जाहीर केलं. डेबियन आणि फेडोरा या लिनक्स-वितरणांच्या लोकांनी लगोलग एक्सझेडच्या त्या आवृत्त्या मागे घेतल्या. त्यांच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत ती घाण पोचलीच नाही. बंद प्रणालीतही नुसत्या बायनरीवरून माग काढणारे पट्टीचे लोक असतात, पण थोडे. बाकीच्यांनी कंपनीला कळवायचं आणि वाट पाहायची. सुरक्षा मी याला म्हणतो: शंका आली तर तळापर्यंत जाऊन बघायची मुभा.

पण आपल्याकडच्या घरात आणि दुकानात धोका येतो तो वेगळ्याच वाटेनं. माझ्या ओळखीचे एक डीटीपीवाले आहेत. लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका असं काम. संगणक रखडायला लागला की एक पोरगा येऊन फॉरमॅट मारून विंडोज टाकून जायचा. विंडोज अर्थातच क्रॅक केलेली. तो क्रॅक चालवायच्या आधी अँटीव्हायरस बंद करायचा, कारण नाहीतर तो चालत नाही. एका सकाळी प्रत्येक फाइलच्या नावाला चार अक्षरांचं शेपूट चिकटलेलं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी: ९८० डॉलर भरा, ७२ तासांत भरलेत तर ४९०. बारा वर्षांचं काम गेलं. त्यात एका गावच्या वाचनालयाची शताब्दी स्मरणिका होती, छपाईला जायच्या बेतात.

याचा दोष मायक्रोसॉफ्टवर टाकता येणार नाही, मी टाकतही नाही. पण ही वाट मुक्त प्रणालीत निर्माणच होत नाही. अस्सल प्रतच फुकट असेल तर क्रॅक हवा कशाला? बहुतेक सॉफ्टवेअर डिजिटल सहीनिशी एकाच भांडारातून येतं, आणि अपडेट घेताना ‘पकडले जाऊ’ ही धास्ती नसते. युनिकोडमधल्या मराठीचं सारं काम मुक्तासारख्या फॉन्टवर आणि लिब्रेऑफिसवर होतं. जुन्या फॉन्टांत आणि पेजमेकरमध्ये अडकलेल्या दुकानांची अडचण खरी आहे. त्यांनी निदान इंटरनेटचा संगणक वेगळा ठेवावा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि वाढीव मुदत घेतली तरी ती तात्पुरतीच. तुमच्या घरातला सात-आठ वर्षांचा संगणक विंडोज ११ घेत नसेल तर तो भंगारात काढू नका आणि क्रॅकवाल्या पोरालाही बोलावू नका. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घ्या, आतलं काहीही न पुसता चालवून बघा. मात्र डाउनलोड झाल्यावर फाइलचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे तिचा ठसा, मिंटनं सही करून जाहीर केलेल्या आकड्याशी जुळवा. २०१६ च्या फेब्रुवारीत मिंटचीच वेबसाइट फोडून तिथल्या डाउनलोडच्या दुव्यामागे चोरदरवाजा असलेली प्रत लावली गेली होती.