व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं?

शाळेचं नवं वर्ष सुरू झालं की सवलतींचे अर्ज भरून घ्यायचं काम आम्हा शिक्षकांकडे येतं. त्या अर्जात 'पालकांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. आमच्या मालवण तालुक्यात त्यात ठरलेले शब्द पडतात: मासेमारी, शेती, रिक्षा, मजुरी, नाहीतर 'मुंबईस नोकरी'. गेल्या पावसाळ्यात एका मुलाच्या वडिलांनी मला 'शेतमजूर' लिहायला सांगितलं. मी त्यांना रंगमंचावर पाहिलेलं होतं. ते दशावतारात संकासुर करतात. मी तसं म्हटल्यावर ते हसले आणि म्हणाले, "बाई, नाटकवालो म्हणान लिवल्यात तर हापिसात हसतले. शेतमजूरच लिवा."

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे कार्तिकात जत्रा सुरू होतात आणि दशावतारी मंडळ्या गावोगाव फिरू लागतात. खेळ रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. सुरुवातीला गणपती, सरस्वती येऊन जातात आणि मग वेद चोरणारा काळ्या पोशाखातला संकासुर येतो. असुर खरा, पण तो अस्सल मालवणी बोलतो आणि अख्ख्या गावाला हसवतो. त्यानंतर मुख्य आख्यान. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतो. त्या गावात त्या आठवड्यात काय घडलं ते दुपारीच विचारून ठेवायचं आणि रात्री त्यावर विनोद करायचा, हे विनोदी पात्राचं कसब. मराठीच्या वर्गात आम्ही ज्याला हजरजबाबीपणा म्हणतो, तो इथे पोटापाण्याचा भाग आहे. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करतात. साडी, दागिने, चेहऱ्यावरचा रंग, सगळं ज्याचं त्याने करायचं.

वैशाखात हंगाम संपतो आणि पाऊस आला की कलाकार शेतात उतरतो. म्हणून 'शेतमजूर' हे उत्तर खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं.

आता थोडं गणित मांडू. समजा, एका रात्रीचे 1,000 रुपये मिळाले आणि हंगामात 125 रात्री उभ्या राहिल्या. ही रक्कम मी हिशेबापुरती धरली आहे. कुणाला जास्त मिळत असेल, कुणाला पुष्कळ कमी. वर्षाचे झाले 1,25,000 रुपये. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला साडेदहा हजारही पडत नाहीत. यातून रंग, औषधपाणी, मुलांची वह्या-पुस्तकं. ताप आला, घसा बसला, तर त्या रात्रीचे पैसे नाहीत. मला आजारपणाची रजा मिळते, पगारी. संकासुराला मिळत नाही.

सरकारचं मानधन आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना. पूर्वी यात राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीच्या कलावंतांना वेगवेगळी रक्कम मिळायची. 2024 पासून सगळ्यांना महिन्याला 5,000 रुपये केले, ही चांगली गोष्ट झाली. वयाची अट 50 वर्षांची. पण वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 60,000 रुपये आहे. वरचं गणित पुन्हा पाहा. जो माणूस हंगामभर रात्री जागवतो तो या मर्यादेच्या वर जातो, म्हणजे कागदावर तो गरीब नाही. गुडघे गेले, आवाज गेला, रात्री मिळेनाशा झाल्या, की मग तो पात्र ठरतो. आणि तेव्हा त्याच्याकडे मागितले जातात कलेचे पुरावे. ज्याने आयुष्यभर प्रत्येक कागदावर 'शेतमजूर' लिहिलं, तो पुरावे कुठून आणणार?

विनोदी नटांच्या गोष्टी वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जे तगले त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या पायाखाली एक नोकरी होती. जॉनी वॉकर म्हणजे बदरुद्दीन काझी. घरात खाणारी तोंडं पुष्कळ. ते मुंबईत बेस्टच्या बसवर कंडक्टर होते आणि 1951 च्या 'बाझी'पर्यंत प्रवाशांना हसवत तिकिटं फाडत होते. अशोक सराफ यांनी कितीतरी वर्षं स्टेट बँकेत नोकरी करत नाटकं केली. आपल्या मालवणी बोलीला मराठी रंगभूमीवर मान मिळवून देणारं 'वस्त्रहरण' 1980 साली आलं. मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. पण ते लिहिणारे गंगाराम गवाणकर टेलिफोन खात्यात नोकरीला होते. सुरुवातीला नाटकाला प्रेक्षक नव्हते, पु. ल. देशपांड्यांनी कौतुक केलं तेव्हा दिवस पालटले. तोवरचे दिवस ज्याच्या घरी पगार येतो तोच काढू शकतो.

उलट भगवानदादा पालव पाहा. 1951 सालीच त्यांचा 'अलबेला' आला. जुहूला बंगला, दारात मोटारींची रांग. पुढे चित्रपट पडले, सगळं विकावं लागलं, आणि 2002 मध्ये ते वारले ते दादरच्या चाळीतल्या खोलीत. त्यांच्या नाचाची नक्कल करून पुढे किती जण मोठे झाले ते मोजायला नको.

दूरचित्रवाणीने आमच्याकडे थोडं काम आणलं हे खरं. 2016 मध्ये 'रात्रीस खेळ चाले' आकेरीत चित्रित झालं आणि मालवणी बोलणाऱ्या नटांना एकदम भाव आला. 2025 मध्ये 'दशावतार' चित्रपट आला. दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेला तो म्हातारा कलाकार पाहून माझ्या शेजारच्या खालाजान डोळे पुसत बाहेर पडल्या. पण मालिका संपते, चित्रपट उतरतो. मंडळीचा टेम्पो जत्रेला निघतो तेव्हा त्यातल्या माणसाचा हिशेब तोच, रात्रीवर.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हंगामाची शेवटची आणि भरगच्च महिन्यांची कमाई बुडाली. पुढच्या हंगामातही जत्रा धड झाल्या नाहीत. 2021 मध्ये सरकारने कलावंतांना एकदाच 5,000 रुपये जाहीर केले. दीड वर्षाला पाच हजार!

काही बहिणी म्हणतील, हा नाटक-तमाशाचा धंदा, त्यात आपलं काय? मी वाद घालत नाही. एवढंच पाहा, की जत्रेत खेळण्यांची, बांगड्यांची दुकानं लावणारी माणसं आपल्यातलीही असतात आणि जत्रा बुडाली की त्यांची चूलही थंड पडते. शिवाय घाम सुकायच्या आत मजुरी द्यावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकलेली आहे. ती कोणत्या मजुराला लागू आणि कोणत्या नाही, अशी यादी तिच्यासोबत दिलेली नाही. उर्दूत आपण कलाकाराला अदबीने 'फनकार' म्हणतो आणि राग आला की त्याच माणसाला 'भांड'. मराठीतही 'सोंगाड्या' ही शिवी झाली आहे. कदर नसली की मोबदल्याचं बोलणंही चोरटं होतं. एका शाळेच्या संमेलनात मी पाहिलं, दोन तास मुलांना हसवणाऱ्या कलाकाराला शाल आणि नारळ दिला, फोटो काढला, आणि एसटीचं भाडंही कुणी विचारलं नाही. त्याने मागितलं असतं तर 'पैशाचा लोभी' म्हणायला आम्ही तयारच होतो.

आता कामाचं. तुमच्या ओळखीत कुणी दशावतारी, कव्वालीवाला, बँडवाला, मिमिक्री करणारा, कुणीही असेल, तर त्याच्या घरातल्या बाईला सांगा: प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका, वर्तमानपत्रातलं कात्रण, मंडळीच्या मालकाचं किंवा आयोजकाचं सही-शिक्क्याचं पत्र एका पिशवीत ठेवत जा. तारीख लिहा. फोटोच्या मागे गावाचं नाव लिहा. पत्र्याच्या पेटीत ठेवा, आमच्या पावसात कागदाला वाळवी आणि बुरशी दोन्ही लागते. पन्नाशी झाली की पंचायत समितीत मानधनाची चौकशी करा.

आणि जो अजून तरुण आहे त्याने पन्नाशीची वाट पाहू नये. असंघटित कामगारांसाठी प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना 2019 पासून आहे. वय 18 ते 40, महिन्याचं उत्पन्न 15,000 पर्यंत. 29 व्या वर्षी नाव घातलं तर महिन्याला 100 रुपये भरायचे, तेवढेच सरकार घालतं, आणि साठीनंतर महिन्याला 3,000 रुपये मिळतात. रक्कम मोठी नाही. अर्ज गावातल्या नागरी सुविधा केंद्रात होतो, सोबत आधार आणि बँकेचं पासबुक लागतं. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, म्हणून पावसाळ्याच्या चार महिन्यांत खात्यात तेवढे पैसे राहतील असं हंगामातच बघून ठेवावं.