हब रुसलाय? मनवायचं हत्यार घरीच बनवा!

पहिलं प्रमोशन, सेकंडहँड जिप्सी आणि मालवणचा वीकेंड! हे कॉम्बिनेशन काही जुनं होत नाही, बॉस. पण गाडीचे खरे हाल बघायचे तर ओरोसला या. ओरोस म्हणजे सरकारी कागदावरची सिंधुदुर्गनगरी. १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झालेला जिल्हा इथून चालतो, त्यामुळे गावात ऑफिसं भरपूर. गाडी आठवडाभर ऑफिसबाहेर पावसात उभी, रविवारी मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात! मग गंज येणार नाही तर काय होणार?

त्यातून पुढच्या चाकांचे लॉकिंग हब सुटत नाहीत. हब म्हणजे चाकाच्या मधोमध दिसणारी ती गोल चकती, जिच्यावर ‘फ्री’ आणि ‘लॉक’ लिहिलेलं असतं. ‘फ्री’वर पुढचा अॅक्सल चाकाबरोबर उगाच फिरत नाही, पेट्रोल थोडं वाचतं. ‘लॉक’ केलं की फोर व्हील ड्राइव्हची ताकद पुढच्या चाकांपर्यंत जाते. अमेरिकेत आर्थर वॉर्नने १९४८ मध्ये युद्धातून उरलेल्या जीपसाठी हे हब बनवायला घेतले. पुढच्याच वर्षी आपल्या माझगावात महिंद्राची विलीज जीप जोडली जाऊ लागली.

आता फंडा समजून घ्या. हबची बॉडी बऱ्याचदा अॅल्युमिनियमची, चाकाचा हब लोखंडाचा. दोन वेगळे धातू आणि मध्ये मिठाचं पाणी... पांढरी पावडर धरते आणि बोल्ट काढले तरी बॉडी हलत नाही. अशा वेळी प्रत्येक नाक्यावर एक सल्लागार हजर असतोच : ‘मार हातोडो, निघतलोच!’ नका मारू. बॉडीला तडा गेला तर जुन्या गाडीचा पार्ट शोधत फिरावं लागतं. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलं तर गास्केटची जागा खरचटते आणि पहिल्याच ओढ्यात पाणी आत!

त्यापेक्षा ही चीज बनवा. डायलचं झाकण छोटे स्क्रू काढून उतरवा. उघड्या तोंडावर जाड कागद ठेवा, ग्रीसच्या अंगठ्याने दाबा. स्क्रूच्या भोकांचा छाप उठतो, हाच तुमचा ‘साचा’! (माझ्या मते अख्ख्या कामातली सगळ्यात झकास गोष्ट हीच.) त्या छापावरून आठ एमएमच्या गोल प्लेटला भोकं पाडून घ्या. प्लेटच्या मधोमध दीड फुटाचा जाड सरळ रॉड वेल्ड करा. रॉडवर सुळकन सरकेल असं दोनेक किलोचं वजन ओवा, भंगारातला जुना गियरही चालेल. शेवटी रॉडच्या टोकाला एक घट्ट नट वेल्ड करा, म्हणजे वजन बाहेर पडणार नाही. वेल्डिंग नीट पाहिजे, तिथे कंजूसपणा नको.

आदल्या रात्री जोडावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी हँडब्रेक लावा, डोळ्यांवर गॉगल घाला. अॅक्सलच्या टोकाला लॉकची रिंग असेल तर ती आधी काढा, नाहीतर तुम्ही बॉडी नाही, अख्खा अॅक्सल ओढत बसाल. मग प्लेट सगळ्या स्क्रूंनी बसवा. दोनच लावले तर ते तुटतील, आणि तुटलेला स्क्रू काढणं हा वेगळा कॉलम आहे. आधी रॉड धरून बॉडी किंचित डावी-उजवी फिरते का बघा. तेवढ्यानेही गंजाची पकड सुटते. नाहीच हलली तर वजन बाहेरच्या नटावर आपटा... हलके, एकसारखे ठोके. मधूनमधून परत तेल. गॅसची ज्योत मात्र लांबच ठेवा, आत ग्रीस आहे आणि रबरी सीलसुद्धा.

बसवताना गास्केट नवीन, जोडाच्या कडेला पातळ ग्रीस. आतल्या यंत्रणेत ग्रीसचा गोळा भरू नका, डायल जड होतो. आणि महिन्यातून एकदा हब ‘लॉक’ करून कच्च्या रस्त्यावर दोन-चार किलोमीटर फिरवा. डांबरी रस्ता नको, समुद्राची वाळू तर अजिबात नको. वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तिथे तुमच्या टायरचं काय काम?