सीमेवरील खेळाडूंची कुचंबणा

दहावी आणि पीयूसीचे निकाल लागले, की बेळगाव-निपाणी भागातील अनेक मराठी घरांत एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. मुलगी कबड्डीत चपळ आहे, मुलगा कुस्तीत नाव काढील असा आहे. त्यांनी आता कोणत्या महाविद्यालयाची पायरी चढावी? वरवर पाहता हा प्रश्न घरगुती आहे. परंतु ज्या मुलुखात राज्याची सीमा लोकांच्या अंगणातून गेली, तेथे कोणताच प्रश्न निव्वळ घरगुती राहत नाही.

निपाणीचेच पाहा. गावात बागेवाडी महाविद्यालय आहे. ते राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या छत्राखाली येते. गावाला लागूनच अर्जुननगर आहे. तेथील देवचंद महाविद्यालय मात्र कोल्हापूर जिल्ह्यात, कागल तालुक्यात मोडते आणि त्याचे विद्यापीठ शिवाजी विद्यापीठ. एकाच आळीतल्या दोन मैत्रिणी, एकाच मैदानावर घाम गाळलेल्या. एक इकडे गेली, दुसरी तिकडे गेली, तर आंतरविद्यापीठ स्पर्धेत त्या परस्परांविरुद्ध उभ्या राहू शकतात. एकीच्या प्रमाणपत्रावर बेळगावचा शिक्का, दुसरीच्या प्रमाणपत्रावर कोल्हापूरचा. सतराव्या वर्षी, पायी जाण्याच्या अंतरावरच्या दोन इमारतींतून एक निवडताना आपण पुढील नोकरीचा कागदही निवडत आहोत, हे त्या पोरींना कोणी सांगितलेले असते काय? सांगायचे कोणी? शाळेतील क्रीडाशिक्षक सांगेल ती पूर्व दिशा. तो सुजाण असला तर मुलीचे नशीब.

या भागाच्या मातीत कस नाही असे कोण म्हणेल? १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघात बेळगावचे बंडू पाटील होते. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तुरमुरीच्या मलप्रभा जाधव हिने कुराशमध्ये कांस्यपदक मिळविले. पदक आले की दोन्ही बाजूंना हारतुरे सुचतात. पदकापूर्वीची पाच-सात वर्षे मात्र त्या मुलांची त्यांनीच काढायची असतात.

महाविद्यालये खेळाडू शोधत गावोगाव फिरतात, यात आम्हाला गैर काही दिसत नाही. दक्षिण कन्नडमधील मूडबिद्रीच्या आळवाज् संस्थेने गुणी खेळाडूंना विनामूल्य शिक्षण, निवास आणि भोजन देण्याचा मार्ग धरला आणि मंगळूर विद्यापीठाने आंतरविद्यापीठ मैदानी स्पर्धांत वर्षानुवर्षे जो दबदबा राखला, त्याचे मोठे श्रेय या योजनेकडे जाते. कोल्हापूरला तर ही परंपरा अधिक जुनी आहे. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला जाऊ शकले, त्यामागे राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून उभे केलेले सात हजार रुपये होते, असे सांगतात. असा प्राचार्य लाभणे हा योग. त्यावर व्यवस्था उभी राहत नाही.

आमची हरकत आहे ती तोंडी आश्वासनांना. ‘फी माफ, वसतिगृह फुकट, खुराकाची चिंता नको’ एवढ्या तीन वाक्यांवर बाप पोराला दोनशे कोस दूर धाडतो. पहिल्याच वर्षी गुडघा दुखावला तर माफी टिकेल काय? संघातून वगळले तर वसतिगृहाची खोली राहील काय? मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला अभ्यासात हात कोण देईल? हे कागदावर असावयास हवे. अमेरिकेत सॉफ्टबॉलसारख्या खेळासाठीही शाळकरी मुलींची महाविद्यालयीन भरती मोठ्या चढाओढीने होते. परंतु तेथे मुलगी अकरावीच्या वर्षात येऊन १ सप्टेंबर उजाडेपर्यंत प्रथम श्रेणीच्या महाविद्यालयांच्या प्रशिक्षकांनी तिच्याशी भरतीविषयी बोलू नये, असा नियम २०१८ साली झाला. तो देश पैशाच्या मागे लागलेला म्हणून आपण नाके मुरडतो. कोवळ्या वयाला संरक्षण द्यावे, एवढे तरी त्याला सुचले. दूर कशाला, बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात बॉइज स्पोर्ट्स कंपनी आहे. तेथे चाचणी, शिक्षण, आहार, पुढे सैन्याची वाट, हे सारे पालकाला आधीच ठाऊक असते.

महाराष्ट्र शासनावर येथे विशेष जबाबदारी येते. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि ८६५ गावांवरील हक्क महाराष्ट्राने सोडलेला नाही. त्या गावांतील मराठी मुलांना अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांना प्रवेशाची सवलतही त्याने दिली आहे. मग त्याच मुलांपैकी जो खेळाडू आहे त्याला, शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या ५ टक्के जागांसाठी त्याचे कोणते प्रमाणपत्र ग्राह्य आणि कोणते अग्राह्य, हे एका पानात लिहून सीमाभागातील प्रत्येक मराठी शाळेत लावावयास कोणती अडचण आहे? कर्नाटकाच्या क्रीडा खात्यानेही आपल्या वसतिगृहांची व शिष्यवृत्त्यांची माहितीपत्रके या शाळांत मराठीतून पाठवावीत. त्याने कन्नडचा मान तिळभरही उणा होणार नाही.

गोमंतकीयांनी यात का पडावे, असे कोणी विचारील. गोव्यात कला-विज्ञानाची महाविद्यालये १९६२ साली निघाली; त्यापूर्वी मॅट्रिक झालेली आपली कित्येक मुले शिक्षणासाठी घाट चढून बेळगाव-धारवाडला गेली आणि त्या गावांनी त्यांना आपले म्हटले. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने आपल्याकडे मैदाने आणि क्रीडागृहे सजली. त्यांपैकी काही ठिकाणी चोर्ला घाटापलीकडच्या मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरविता येईल. तेथे आपल्या महाविद्यालयांच्या क्रीडासंचालकांनी बसून या मुलांना आणि त्यांच्या पालकांना प्रवेशाच्या अटी समजावून द्याव्यात, आणि त्या लेखी द्याव्यात.