कार्बोरेटर गेला म्हणजे नक्की काय गेलं?

"चाचा, कार्बोरेटर गया इसका. नया डलवा लो."

मेकॅनिकचं हे वाक्य बाबांनी मला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं, तेव्हा मी नुकताच एका मीटिंगमधून बाहेर आलो होतो. मीटिंगचं नाव 'रूट कॉज ॲनालिसिस'. आदल्या रात्री दोन वाजता सर्व्हर का झोपला यावर आम्ही अकरा जणांनी दीड तास काथ्याकूट केला होता. "रिस्टार्ट केला, आता चालतोय" असं उत्तर देणाऱ्या पोराची मॅनेजरने सगळ्यांसमोर यथेच्छ पूजा बांधली होती आणि मीही मान डोलावली होती.

आणि बाबांना मी काय म्हणालो? "टाकून घ्या ना मग नवीन. मी पैसे पाठवतो."

फोन ठेवल्यावर लाज वाटली. (थोडी उशिरा, पण वाटली.)

गाडी म्हणजे २००३ सालची हीरो होंडा स्प्लेंडर. भिवंडीला कामतघरच्या आमच्या घराशेजारी एक यंत्रमागाचा कारखाना अजून तग धरून आहे. त्याच्या भिंतीला लागून असलेल्या पत्र्याखाली ती उभी असते. बाबा तीस वर्षं माग दुरुस्त करणारे जॉबर होते. जूनमध्ये त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पाऊस, मग "आता दिवाळीनंतरच काढू". दिवाळीत काढली तर चोक लावल्यावर सुरू व्हायची आणि चोक काढला की मरायची. पहिल्या गॅरेजवाल्याने दोनशे रुपये घेऊन 'साफ' केला. फरक शून्य. दुसऱ्याने वरचा निकाल दिला. तिसरा सल्ला शेजाऱ्यांचा, तो फुकट होता: "वीस वर्षं झाली, देऊन टाका भंगारात."

बाबा तयारही झाले होते. म्हणाले, "तसंही आता मी कुठे जाणार आहे गाडी घेऊन?"

हे वाक्य मला झोंबलं. गाडीची नोंदणी रीतसर वाढवून घेतलेली, पर्यावरण कर भरलेला, इंजिनाचा आवाज अजून स्वच्छ. पितळेच्या एका जेटमधलं सुईच्या टोकाएवढं भोक बुजलं म्हणून माणूस आपलं फिरणंच रद्द करायला निघाला होता! आणि त्याला कोणी साधं विचारलंही नाही, की काका, नेमकं होतं काय?

मंडळी, माझं भांडण या न विचारण्याशी आहे.

कार्बोरेटर ही काही काळी जादू नाही. अकरावीच्या फिजिक्समधला बर्नोली आठवा. हवेची वाट मध्येच अरुंद केली की हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर ओढलं जातं. वाटीतली पातळी कायम ठेवायला फ्लोट असतो. संडासाच्या फ्लशच्या टाकीत जो गोळा तरंगतो, तेच तत्त्व. गाडी जागेवर धडधडत असताना पेट्रोल पायलट जेटमधून येतं, रेस वाढवली की नीडलवर आणि पूर्ण पिळली की मेन जेटवर काम जातं. झालं. एवढंच. तुमच्या आमच्या प्रॉडक्शन सिस्टिमपेक्षा हे कितीतरी सरळ आहे आणि याचं डॉक्युमेंटेशनही जास्त चांगलं आहे.

आता बाबांच्या गाडीचं लक्षण बघा. चोक लावला की हवा कमी होते, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. चोक लावून चालते आणि काढल्यावर मरते, याचा अर्थ एरवी पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय. उलट चोक लावल्यावर जास्तच गुदमरली असती, तर एअर फिल्टर तुंबलाय का, फ्लोट अडकून वाटी भरून वाहतेय का, ते बघावं लागलं असतं. म्हणजे एकही पाना हातात न घेता, एक पट्टी वरखाली करून निम्मी शक्यता कटाप! तरीही दोन गॅरेजांत ही पट्टी कोणी हलवून बघितली नाही.

शनिवारी सकाळी भिवंडीला पोचलो. आधी प्लग काढून बघितला. काळाकुट्ट नव्हता, ओला नव्हता, पांढरट होता. म्हणजे पेट्रोल कमी, हे दुसऱ्यांदा सिद्ध. मग वाटीखालचा निचऱ्याचा स्क्रू सैल करून कॉक उघडला, धार व्यवस्थित. टाकी ते वाटी हा रस्ता मोकळा. मग गाडी चोकवर चालू ठेवून इंजिन आणि कार्बोरेटरच्या सांध्यावर पाण्याचा फवारा मारला, आवाज बदलला नाही. बाहेरची हवा शिरत नाही. उरलं काय? वाटीच्या पुढे, पायलट जेट. वीस मिनिटं झाली होती आणि त्यातली पाच चहात गेली होती.

आता उघडायला हरकत नव्हती. हा क्रम महत्त्वाचा. आधी उघडून मग शोधणारा माणूस काय शोधतोय हे त्यालाच ठाऊक नसतं, त्यामुळे जे दिसेल ते त्याला सापडतं.

वाटी उतरवली तर तळाला पिवळट चिकट थर आणि कडेने पांढरी पूड. 'साफ' केलेल्या कार्बोरेटरची ही अवस्था. (दोनशे रुपयांत बाहेरून पुसला असावा.) पायलट जेट काढून उजेडाकडे धरला तर अंधार. मेन जेटमधून मात्र आकाश दिसत होतं, म्हणूनच तर रेस दिल्यावर गाडी बरी चालायची. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हळूच पूर्ण आत घालून किती फेरे होतात ते कागदावर लिहून ठेवलं. रबराची सील बाजूला काढली, कारण क्लीनरने ती फुगतात. मग कार्बोरेटर क्लीनरचा फवारा, जेट अर्धा तास भिजत, आणि नाक्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पाइपची हवा. डोळ्यांवर चष्मा ठेवा, तो फवारा कुठल्या भोकातून परत येईल सांगता येत नाही. काम उघड्यावर करा, आणि बघायला जमलेल्या मंडळींपैकी कोणी बिडी पेटवत नाही ना, तेही बघा. आणखी एक. जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक केसभर मोठं झालं की गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिणार, मग तोच जेट खरोखर 'गेला'.

दुपारी जोडली. दुसऱ्या किकला सुरू, चोक काढला, धडधडत राहिली. बाबा काही बोलले नाहीत. कपडा घेऊन टाकी पुसायला लागले.

आता मेकॅनिकला शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे आणि अर्धी ब्लॉगवाली जमात तेच करते. मी नाही करणार. त्याच्या जागी उभे राहून बघा. साफसफाईचे दोनशे मिळतात. वीस मिनिटं नुसता विचार करून "पायलट जेट तुंबलाय" असं सांगितलं, तर त्याचे किती देतो आपण? शून्य. उलट म्हणतो, "एवढंच होतं? त्याचे कसले पैसे?" नवीन कार्बोरेटर टाकला तर मात्र त्याचा फायदा ठरलेला, आणि आपल्याही हातात काहीतरी खोकं पडल्याचं समाधान. आपण वस्तूचे पैसे देतो, निदानाचे देत नाही. मग तो निदान का करेल? आणि हे करणारे आपण कोण? क्लायंटला तासांवर बिल लावणारे! 'ॲनालिसिस'चे चाळीस तास वेगळे दाखवणारे! गॅरेजच्या दारात मात्र आपल्याला दहा मिनिटांत गाडी हवी, आणि घासाघीस करून.

"अरे, पण कार्बोरेटर आता संपला, कशाला डोक्याला शॉट?" असं एक मित्र म्हणाला. बरोबर, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या त्या दिवशी गायब नाही झाल्या. नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या त्या चार चाकी एटीव्ही बघा, त्यातल्या जुन्या गाड्यांत हेच यंत्र आहे आणि हाच आजार होतो. पावसाळाभर धंदा बंद, वाटीत पेट्रोल तसंच, आणि हंगाम सुरू होताना "कार्बोरेटर गया". ठेवून देण्याआधी वाटीतलं पेट्रोल काढून टाकायचं, इतकं साधं पथ्य आहे. शिवाय इंजेक्शनच्या गाडीला काय तुम्ही वेगळा न्याय लावता? तिथे "सेन्सर गया" म्हणतात, एवढाच फरक.

आता मी स्वतः कसा तोंडावर आपटलो ते सांगतो.

आठवड्याने बाबांचा फोन. "दहा मिनिटं चांगली चालते, मग मरते. थोडं थांबलं की परत चालू." मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "इथेनॉल!" आणि व्याख्यान झोडलं. जून २०२२ मध्ये देशभर दहा टक्के मिश्रण गाठलं, २०२५ मध्ये वीस टक्के. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या रबराला सोसत नाही, त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. इंजेक्शनवाली गाडी सेन्सर बघून जास्त इंधन सोडू शकते, आपल्या जेटचं भोक मात्र ठरलेलं. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींचं मायलेज तीन ते चार टक्क्यांनी घटेल असा अंदाज आहे. पंपावर बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय द्या अशी मागणी घेऊन लोक सुप्रीम कोर्टात गेले, ती याचिका १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली गेली. यातलं एकही वाक्य खोटं नाही. जुनी गाडी बाळगणाऱ्याला पंपावर निवड नाही, हा माझा रागही खरा आहे.

फक्त त्याचा बाबांच्या गाडीशी काहीही संबंध नव्हता.

रविवारी बाबा म्हणाले, चल, मागे बस. राहनाळच्या गोदामांच्या रस्त्याला गाडीने मान टाकली. बाबा शांतपणे उतरले आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. फुस्स! "ऐकलंस? टाकी हवा मागत होती," असं म्हणून त्यांनी झाकण नुसतंच टेकवलं आणि किक मारली. त्यानंतर गाडी घरापर्यंत थांबली नाही. झाकणातलं हवेचं बारीक भोक कापसाच्या तंतूंनी आणि तेलकट धुळीने गच्च भरलं होतं. पाच महिने कारखान्याच्या भिंतीला गाडी उभी, दुसरं काय होणार? पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यावी लागते. ती येत नव्हती. थांबल्यावर हळूहळू यायची, म्हणून परत चालू.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मागाचा धोटा अडकायला लागला की आधी आवाज बदलतो. तुम्ही लोक ऐकण्याआधी बोलता."

यावर काय बोलणार? भिवंडीत गेल्या काही वर्षांत कितीतरी कारखाने बंद होऊन तिथे गोदामं आली आणि माग किलोवर भंगारात गेले. बाबांच्या हातून दुरुस्त झालेलेही त्यात असतील. त्यांना आवाजावरून बिघाड ओळखायचा पगार मिळायचा, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

ज्याने नवीन कार्बोरेटर सांगितला होता, त्या मेकॅनिककडे मी नंतर गेलो. गाडी त्याच्यासमोर चोक काढून चालू करून दाखवली. म्हटलं, पुढच्या वेळी सुटा भाग आणायच्या आधी वीस मिनिटं बघा आणि त्या वीस मिनिटांचे पैसे सांगा, मी देईन. तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसून म्हणाला, "साहब, ऐसा कोई बोलता नहीं."

आकडा मात्र त्याने अजून सांगितलेला नाही. बाबा सध्या रोज सकाळी वऱ्हाळादेवी तलावाला चक्कर मारून येतात, गाडीवरून.